घरबसल्या मेंटॉर-समन्वय : एनडीए आणि एसएसबीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी

प्रश्न थोडक्यात असा : "मी मूळची सांगलीची, सध्या म्युनिकला आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. निवृत्त सैन्याधिकाऱ्यांचा एक गट खेड्यापाड्यातल्या मुलामुलींना एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), सीडीएस (पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठीची परीक्षा) आणि सुरक्षा क्षेत्रातल्या इतर वाटांसाठी विनामूल्य मार्गदर्शन करतो. त्यांना घरून काम करणारी समन्वयक हवी आहे. आमच्या घरात कुणीही सैन्यात नाही. मला हे जमेल का? नेमकं काय करावं लागतं, किती वेळ जातो, आणि परदेशात राहून हे काम करण्यात काही अडचण आहे का?"

जमेल. घरात कुणी सैन्यात नाही ही गोष्ट मनातून काढून टाका. माझ्याही घरात नव्हतं. मी बरीच वर्षं कॉलेजात संरक्षणशास्त्र शिकवलं आणि गेली आठ वर्षं नाशिकहून, बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या टेबलावरून, अशाच एका गटाचं समन्वयाचं काम करते आहे. शिकवण्याचा अनुभव मला वाटला होता तेवढा इथे कामी आला नाही. कामी आली ती एक सवय : एखादं मूल किंवा एखादे साहेब दहा दिवस गप्प आहेत हे ध्यानात येणं, आणि आलं की त्याच दिवशी फोन करणं. ही सवय तुम्हाला असेल तर बाकीचं तीन-चार महिन्यांत अंगवळणी पडतं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की समन्वयक म्हणजे मूल आणि मेंटॉर (मार्गदर्शन करणारे साहेब) यांच्या जोड्या लावणारी. जोड्या लावायला एक रविवार पुरतो. पुढचे सहा महिने त्या जोडीतलं बोलणं तुटू न देण्यात जातात. आणि आपल्याकडे हे बोलणं बहुतेक वेळा आदरापोटीच तुटतं. मुलगा म्हणतो, "सरांना सारखा कशाला त्रास द्यायचा?" सर म्हणतात, "गरज असेल तर तो करेल की फोन." दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि इकडे एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडण्यासाठीच्या पाच दिवसांच्या चाचण्या-मुलाखतीची, तारीख जवळ येते.

एक प्रसंग सांगते, कारण या कामाचं मर्म मला त्यातून कळलं. बीड जिल्ह्यातला एक मुलगा एनडीएची लेखी परीक्षा पास झाला. पुण्यातल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांशी त्याची जोडी लावली. पहिलं बोलणं छान झालं. साहेबांनी त्याला सांगितलं, पीआयक्यू भरून रविवारपर्यंत पाठव. पीआयक्यू म्हणजे एसएसबीत भरून घेतला जाणारा वैयक्तिक माहितीचा फॉर्म. मुलाखत घेणारा अधिकारी तोच समोर ठेवून प्रश्न विचारतो. रविवार गेला, पुढचा रविवारही गेला. साहेबांचा मला निरोप आला, "मुलाला रस दिसत नाही, दुसरा द्या."

मी मुलाला फोन केला. आधी म्हणाला रेंज नव्हती, मग म्हणाला कॉलेजची परीक्षा होती. तिसऱ्या फोनला त्यानं खरं सांगितलं. फॉर्ममध्ये आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय आणि महिन्याचं उत्पन्न असे रकाने असतात. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्या रकान्यात काय लिहावं हे त्याला सुचेना, आणि हे 'सरांना' विचारायची त्याला लाज वाटत होती. तीन आठवडे तो त्या एका ओळीपाशी अडकून बसला होता.

मी कर्नलसाहेबांना एवढंच कळवलं की फॉर्ममध्ये एका ठिकाणी तो अडलाय, तुम्हीच आपणहून फोन करा. साहेबांनी केला. बोलता बोलता निघालं की पंधराव्या वर्षापासून हा पोरगा टोळीच्या उचलीचा हिशोब लिहितो. मुकादमानं कुणाला किती उचल दिली, कुणाची किती फिटली, हे सगळं त्याच्या वहीत. पंचवीस माणसं त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवतात. एसएसबीत जबाबदारी घेण्याची जी तयारी शोधतात ती त्या वहीत होती, आणि मुलगा मात्र तीच गोष्ट लपवायला बघत होता. साहेबांनी पुढचे दोन तास फक्त त्या वहीवर घालवले. तो पहिल्या खेपेला कॉन्फरन्सपर्यंत, म्हणजे एसएसबीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, गेला, पण निवड झाली नाही. आता पदवीच्या वर्गात आहे, सीडीएसची तयारी करतो आहे.

यातलं माझं काम म्हणाल तर तीन फोन आणि एक निरोप. एसएसबीची मला किती माहिती आहे याचा त्यात काही संबंध आला नाही.

तरीही एसएसबीचा ढाचा तुम्हाला ठाऊक हवा, नाहीतर कुणाला कधी कशाची गरज पडेल हे कळणार नाही. एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. लेखी ९०० गुणांची, गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. एसएसबीचे गुणही तेवढेच, ९००. म्हणजे क्लासमध्ये वर्षभर घोकून केलेली तयारी आणि त्या पाच दिवसांतलं वागणं यांचं वजन सारखं आहे. आपल्याकडच्या खेड्यातल्या हुशार मुलाला पहिल्या अर्ध्या भागासाठी कुणीतरी भेटतं, दुसऱ्यासाठी कुणीच भेटत नाही. तुमच्या गटाचं काम तिथे सुरू होतं.

पहिल्या दिवशी चाळणी असते : बुद्धिमापनाची चाचणी आणि ३० सेकंद दाखवलेल्या अंधुक चित्रावर गोष्ट लिहून ती गटात मांडणं. बरीच मुलं त्याच दिवशी परत फिरतात. उरलेल्यांसाठी मानसशास्त्राचा दिवस : चित्रांवरून गोष्टी, ६० शब्द आणि प्रत्येक शब्दाला १५ सेकंद, मग अर्ध्या तासात ६० प्रसंग. पुढे दोन दिवस मैदानावरची गटकामं, मधे मुलाखत, आणि शेवटी कॉन्फरन्स. ही माहिती पाठ करायची गरज नाही. यातलं फोनवर काय होऊ शकतं आणि काय नाही, एवढं मात्र ओळखा. मुलाखतीची तयारी फोनवर उत्तम होते. चित्रावरची चर्चा पाच-सहा मुलांना एकत्र कॉलवर घेऊन होते. मैदानातलं काम मात्र कॉलवर होत नाही, आणि ते होतं असं भासवणाऱ्या मेंटॉरला प्रेमानं थांबवा.

मैदानासाठी गावातलाच माणूस शोधावा लागतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात तो शोधायला लांब जावं लागत नाही. दर दोन-तीन गावांत एखादे निवृत्त सुभेदार किंवा हवालदार असतात, पहाटे भरतीची पोरं पळवत असतात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. अशा एका सुभेदारसाहेबांना विनंती केली की ते दोर, भिंत, उडी हे सगळं आनंदानं करून घेतात. इथे एक बारकावा सांभाळा. कर्नल आणि सुभेदार एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर असले की सुभेदारसाहेब एक शब्दही लिहीत नाहीत, फक्त "जय हिंद सर." एवढ्या वर्षांची सवय आहे ती. त्यांना वेगळा फोन करा, मुलाबद्दल त्यांना काय वाटलं ते विचारा आणि त्यांच्या नावानिशी कर्नलसाहेबांना सांगा. मला मुलांबद्दलच्या सगळ्यात नेमक्या गोष्टी अशा सुभेदारांकडून कळल्या आहेत. कोण पडल्यावर आधी इकडेतिकडे बघतो, कोण दुसऱ्याला हात देतो, हे त्यांनी रोज पहाटे पाहिलेलं असतं.

जोडी लावताना हुद्दा बघू नका. ब्रिगेडियर मिळाले म्हणून मुलगा पुढे जातो असं काही नाही. मी आधी मेंटॉरचा स्वभाव बघते, मग वेळ, मग भाषा. मराठी माध्यमातल्या मुलाला पहिले दोन महिने मराठीत मोकळं करणारा माणूस द्यावा आणि मग हळूहळू इंग्रजीकडे न्यावं. पहिल्याच कॉलला इंग्रजी सुरू झालं की मूल आपले विचार सोडून व्याकरणाकडे बघू लागतं. सेनादल कोणतं याचा विचार शेवटी करा, पण करा. नौदलात जायचं म्हणणाऱ्या मुलीला जहाजावर राहिलेल्या माणसानं सांगितलेले दोन अनुभव दहा पुस्तकांहून जास्त उपयोगी पडतात.

काही मेंटॉर स्वतःच्या आठवणींत रमतात. पाऊण तास कारगिल आणि पाच मिनिटं मूल. अशांना काढून टाकू नका, त्यांच्या गोष्टी अस्सल असतात. त्यांना महिन्यातून एकदा सगळ्या मुलांसमोर बोलायला बोलवा आणि एकेका मुलाची जबाबदारी दुसऱ्याकडे द्या. तयार उत्तरं पाठ करून घेणारे मेंटॉर मात्र मला चालत नाहीत. साठ शब्दांवर साठ छापील वाक्यं घोकून गेलेला मुलगा तिथल्या मानसशास्त्रज्ञाच्या नजरेतून सुटत नाही. त्याहून वाईट म्हणजे आपण जसे आहोत तसे पुरेसे नाही असं सतराव्या वर्षी त्याच्या मनात ठसतं. जोडी बदलायची असेल तर दोष कुणावर टाकू नका. "साहेब, एका मुलीला तुमच्या अनुभवाची जास्त गरज आहे" असं सांगून मी बदल करते, आणि खरंच तशी एखादी मुलगी यादीत असतेच.

मुलींचा विषय आला आहे तर त्यावर थोडं सविस्तर लिहिते. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्यायचा अंतरिम आदेश दिला. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्या दिवसानंतर आठवडाभर माझा फोन थांबला नाही, आणि बहुतेक फोन आयांचे होते. यवतमाळहून, नंदुरबारहून, एक तर शेतातून. राज्य शासनानं १९७७ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) मुलांसाठी सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट काढली, तशीच मुलींसाठीची संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. ही माहितीसुद्धा बऱ्याच घरांत पोचलेली नाही. लेखी पास झालेल्यांसाठी नाशिकरोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीची तयारी राहण्याजेवणासह विनामूल्य करून घेतात. कर्ज काढून क्लास लावायला निघालेल्या बापाला ही एक ओळ वेळेवर सांगणं हे समन्वयकाचं फार मोठं काम आहे. तसंच, एखाद्या प्रकारच्या प्रवेशासाठी (एनडीए, सीडीएस वगैरे) पहिल्यांदा एसएसबीला जाणाऱ्याला रेल्वेभाडं परत मिळतं. भाड्यासाठी पैसे नाहीत म्हणून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

मुलींसाठी स्त्री मेंटॉर मिळवणं अवघड आहे. भूदलानं वैद्यकीय शाखा सोडून इतर शाखांत स्त्री अधिकारी घेतल्या त्या १९९२ पासून. त्यातल्या बऱ्याच जणी शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांची सेवा) संपवून बाहेर पडल्या, आज नोकरी आणि घर दोन्ही सांभाळतात. त्यांच्याकडे निवृत्त कर्नलसारखा मोकळा वेळ नसतो. त्यांना पंधरा दिवसांतून वीस मिनिटं मागा, नक्की देतात. तास मागितला तर संकोचानं नाही म्हणतात.

आणि सुरक्षेचे नियम. हे मुलामुलींना सारखेच लागू, यात सूट नाही. एनडीएला बसणारी मुलं साडेसोळा-सतरा वर्षांची असतात. पहिल्या कॉलला आई किंवा वडील हजर हवेत. मेंटॉर आणि मूल यांचे निरोप तिघांच्या ग्रुपवर, तिसरी तुम्ही. रात्री साडेनऊनंतर कॉल नाही. भेट ठरलीच तर पालक किंवा शिक्षक सोबत. आमच्याकडच्या एका फार मानी अधिकाऱ्यांना हा स्वतःवरचा अविश्वास वाटला आणि ते गट सोडून गेले. मला त्याचं वाईट वाटलं, पण नियम बदलला नाही. एखाद्या मुलानं तक्रार केलीच तर ती आपापसात मिटवायच्या भानगडीत पडू नका. अठराखालच्या मुलांबाबत लैंगिक छळाचं काही कळलं तर पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे.

आता या क्षेत्राचं जे वेगळेपण आहे त्याकडे येते. डॉक्टरांचा किंवा इंजिनिअरांचा मेंटॉर-गट चालवणं आणि हा गट चालवणं यात एक मोठा फरक आहे. तुमच्यासमोरची मेंटॉरची यादी स्वतःच एक नाजूक वस्तू आहे. नाव, हुद्दा, फोन, गाव, कुठल्या तुकडीत होते, त्यांचा स्वतःचा मुलगा आता कुठे तैनात आहे, हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये एकत्र आलं की ती शीट कुणालाही हवीहवीशी वाटेल. मे २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) एका शास्त्रज्ञाला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं अटक केली. समाजमाध्यमांतून ओळख झालेल्या पाकिस्तानी हेराला माहिती दिल्याचा आरोप होता. सुरुवात साध्या गप्पांपासून होते. म्हणून आम्ही शीटमध्ये तुकडी, नेमणुकीची ठिकाणं, नातेवाइकांची माहिती असे रकानेच ठेवत नाही. समन्वयाला त्याचा काही उपयोग नसतो. मेंटॉरची यादी कुठेही जाहीर करत नाही, फोटोसकट आभाराची पोस्टही टाकत नाही.

नवं मूल आधी समन्वयकाशी व्हिडिओवर बोलतं, सोबत पालक किंवा शाळेतले शिक्षक असतात, आणि मगच मेंटॉरचा नंबर मिळतो. हा नियम आम्ही एका अनुभवानंतर केला. एका 'विद्यार्थिनी'नं ग्रुपमधून नंबर उचलून तीन मेंटॉरना वेगवेगळे निरोप पाठवले होते. अभ्यासाचे दोन प्रश्न आणि तिसऱ्या निरोपात "सर, तुमचे कोर्समेट सध्या कुठे पोस्टेड आहेत?" तिघांपैकी एकानं मला सांगितलं म्हणून लक्षात आलं. व्हिडिओवर या म्हटल्यावर तो नंबर बंद झाला. तेव्हापासून प्रत्येक मेंटॉरला मी आग्रहानं सांगते : मूल कितीही गोड असो, प्रश्न सेवेतल्या माणसांकडे किंवा ठिकाणांकडे वळला की मला कळवा.

उलट दिशेचीही खात्री करावी लागते. मेजर म्हणवणारा प्रत्येक जण मेजर नसतो. कागदपत्रं तर मागाच, पण सगळ्यात भरवशाची चाळणी कोर्समेटांची, म्हणजे प्रशिक्षणात बरोबर असलेल्यांची. "कुठल्या कोर्सचे, कुठल्या स्क्वॉड्रनचे?" एवढं विचारलं आणि त्या कोर्सच्या दोन माणसांना फोन केला की अर्ध्या तासात खरं-खोटं होतं. हे फोन गटातल्या जुन्या अधिकाऱ्यांकडून करवून घ्या.

सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांना आम्ही घेत नाही. त्यांच्यावर संपर्काची आणि ॲपची बंधनं असतात. जुलै २०२० मध्ये लष्करानं फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली होती ती आठवत असतील. आपल्या उत्साहापायी कुणाची नोकरी अडचणीत यायला नको. गुप्तचर किंवा सुरक्षा संस्थांमधून निवृत्त झालेल्यांसाठी आणखी एक नियम आहे. निवृत्तिवेतन नियमांतल्या ३१ मे २०२१ च्या दुरुस्तीनुसार माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या संस्थांमधून निवृत्त झालेल्यांनी आपल्या संस्थेच्या कामाविषयी, तिथल्या माणसांविषयी काहीही प्रसिद्ध करण्याआधी संस्थाप्रमुखांची परवानगी घ्यायची असते, नाहीतर निवृत्तिवेतनावर गदा येऊ शकते. त्यामुळे अशा मेंटॉरची सत्रं आम्ही रेकॉर्ड करत नाही. "सर, फक्त यूट्यूबसाठी" असं एखादा उत्साही स्वयंसेवक म्हणतोच, त्याला तुम्हीच थांबवायचं.

"रॉमध्ये कसं जायचं?" हा प्रश्न तुम्हाला दर आठवड्याला येईल. त्यासाठी थेट जाहिरात देऊन होणारी परीक्षा नाही, आणि तशी तयारी करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, एवढं स्पष्ट सांगा. मग त्या मुलाला खरोखर ज्या वाटा आहेत तिकडे न्या : गुप्तवार्ता विभागाची (आयबी) एसीआयओ, म्हणजे सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी, या पदाची भरती, यूपीएससीची केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठीची असिस्टंट कमांडंटची परीक्षा, तटरक्षक दल, सायबर सुरक्षा, गांधीनगरची राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आणि न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ, पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग. डोळ्यांच्या रंगदोषामुळे वैद्यकीय तपासणीत बाहेर पडलेली एक मुलगी आज सायबर सुरक्षेत नोकरी करते. तिला त्या क्षेत्रातला मेंटॉर मिळाला तो तपासणीच्या निकालानंतर चौथ्या दिवशी. उशीर झाला असता तर ती गावी परतून लग्नाच्या बोलण्यांत अडकली असती, असं तीच सांगते.

तुमच्या परदेशात असण्याबद्दल. भारतीय पासपोर्ट असेल तर मला काही अडचण दिसत नाही, फक्त गटाला पहिल्याच दिवशी सांगा की तुम्ही कुठे राहता आणि कुठल्या कंपनीत आहात. पुढे जर्मन नागरिकत्व घेणार असाल तर तेही अर्ज करण्याआधी सांगा. काही मेंटॉरना त्यामुळे संकोच वाटेल, तो त्यांचा अधिकार आहे. तेव्हा मेंटॉरच्या नोंदी भारतातल्या सहकाऱ्याकडे देऊन तुम्ही मुलांची बाजू सांभाळू शकता. शीट गटाच्या खात्यावर असू द्या, तुमच्या स्वतःच्या नको, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर कधीच उघडू नका. मुलांची मार्कलिस्ट, आधार, भरलेला पीआयक्यू तुमच्या फोनवर साठू देऊ नका. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठराखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ती लेखी घ्या, आणि काम संपलं की माहिती पुसून टाका.

मदत म्हणून पैसे पाठवायची इच्छा होईल. भारतीय नागरिक असताना स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय योगदानात मोडत नाहीत. नागरिकत्व बदललं की मोडतात, आणि परकीय योगदान कायद्याची (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या गटाला ते घेता येत नाहीत. म्हणून आधी गटाच्या हिशोबनिसाला विचारा.

वेळेचं गणित तुम्हाला त्रास देईल. मुलं रात्री साडेआठनंतर मोकळी होतात, निवृत्त मंडळी दहाला झोपतात. भारतातले रात्रीचे नऊ म्हणजे तुमच्याकडे हिवाळ्यात दुपारचे साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच. ऑफिसच्या वेळेत रोज फोन जमणार नाहीत, म्हणून आठवड्यातले दोन दिवस ठरवा आणि तिसरा दिवस रविवारचा. आपल्याकडे सकाळचे अकरा म्हणजे तुमचे साडेसहा किंवा साडेसात. ऑक्टोबरच्या शेवटी तुमची घड्याळं मागे जातात तेव्हा गोंधळ होतो, तेव्हा सगळ्या वेळा नेहमी भारतीयच लिहा. एकूण आठवड्याला चार-पाच तास धरा. लेखी निकाल लागल्यावर आणि एसएसबीच्या हंगामात ते दुप्पट होतात.

तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर आहात म्हणून एक विनंती. पहिल्या महिन्यात डॅशबोर्ड बनवू नका. सत्तरीच्या ब्रिगेडियरसाहेबांना दर आठवड्याला फॉर्म भरायला लावला की ते दोनदा भरतील आणि तिसऱ्यांदा फोन उचलणार नाहीत. मी एका वहीत प्रत्येक जोडीसाठी एकच गोष्ट लिहिते, शेवटचं बोलणं कधी झालं. चौदा दिवस झाले की मी फोन करते, आधी मुलाला, मग साहेबांना.

आणि या कामातला सगळ्यात जड भाग म्हणजे परत येणारी मुलं. एसएसबीला गेलेल्यांपैकी बहुतेक निवडले जात नाहीत. पहिल्याच दिवशी चाळणीत बाहेर पडलेला मुलगा भोपाळ किंवा प्रयागराजच्या स्टेशनवर एकटा बसलेला असतो आणि त्याचा फोन बंद असतो. घरी गावभर कळलेलं असतं की पोरगं अधिकारी व्हायला गेलंय. अशा वेळी त्याचं काय चुकलं हे कुणीही विचारायचं नाही, मेंटॉरनंही नाही. मी फक्त विचारते, जेवलास का आणि गाडी कुठली आहे. फोन लागला नाही तर निरोप लिहून ठेवते आणि त्याच्या घरी फोन करून कुणाला तरी स्टेशनवर जायला सांगते. मेंटॉरचा फोन चार-पाच दिवसांनी जावा. तोवर साहेबांनाही सावरायला वेळ लागतो, हे मला उशिरा कळलं. एकदा एक विंग कमांडर मला म्हणाले, "त्याला काय सांगू तेच कळत नाही." त्या दिवशी मी मुलाच्या आधी त्यांच्याशी अर्धा तास बोलले.

हो म्हणण्याआधी गटाला तीन गोष्टी विचारा : पालकांची संमती कशी घेता, मेंटॉरची खात्री कोण करतं, आणि तुम्ही आजारी पडलात तर तुमची वही कोण सांभाळणार. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर आधी सोबतीला कुणी मिळेपर्यंत थांबा. सुरुवातीला तीनच जोड्या घ्या. यूपीएससीचा लेखी निकाल बहुतेक संध्याकाळी येतो आणि त्या रात्री फोन सुरू होतात. त्याआधी त्या तिन्ही मुलांच्या घरी एकदा तुमचा आवाज पोचलेला असू द्या, आयांशी बोला, आणि घरातला फोन कुणाकडे असतो तेवढं विचारून ठेवा.